खाकी कागदातली फाइल

सासऱ्यांच्या फायलीला खाकी कागदाचं कव्हर माझ्या नवऱ्याने घातलं. मुलीच्या वह्यांना घालून उरलेला कागद होता. फायलीवर मोठ्या अक्षरांत ‘कॅन्सर विभाग’ छापलेलं होतं आणि बाबांना ते दिसता कामा नये, असं आमचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे नवऱ्याने आणि पुण्याच्या नणंदेने फोनवर ठरवलं. मी शेजारी कणीक मळत होते.

बाबा शहात्तर वर्षांचे. दिल्लीतल्या एका मंत्रालयात उभी नोकरी फायलींत काढलेली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी आमच्याबरोबर दिल्लीतल्याच द्वारका भागात राहायला आले, तेव्हा सोसायटीतले निम्मे फ्लॅट रिकामे होते, पाणी टँकरने यायचं आणि समोर नुसती धूळ. संडासाला रक्त पडतंय हे त्यांनी चार महिने लपवलं. सांगितलं तेव्हा आम्ही म्हणालो, मूळव्याध असेल, या वयात व्हायचंच. वजन उतरलं, तेही वयामुळे. म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक तक्रारीला वय हे उत्तर फार सोयीचं असतं, पुढे काही करावं लागत नाही. तपासायला नेईपर्यंत आतड्यातली गाठ चांगली पोसली होती.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. बाबा बाहेर बाकावर.

“अंकलजी को टेन्शन मत दीजिए,” डॉक्टर म्हणाले. गाठ काढावी लागेल, पोटाला भोक पाडून मळासाठी पिशवी लावावी लागेल, बहुतेक कायमची. या वयात झेपेल न झेपेल, घरवाले ठरवा. ज्याचं पोट तो माणूस दाराबाहेर बसून भिंतीवरचं पोस्टर वाचत होता. त्या मजल्यावर भिंतीभिंतीवर तो शब्द लिहिलेला होता, आणि आम्ही घरी येऊन फायलीला कव्हर घातलं. अक्कल पाहा.

“बाबांना कळलं तर हाय खातील हं वहिनी,” नणंद फोनवर म्हणाली. “तू चेहरा तेवढा सांभाळ.”

शेजारच्या आंटींना मात्र कळलेलं होतं. त्या दारातूनच म्हणाल्या, “बेटा, बाबूजी के बर्तन अलग रखना, घर में बच्ची है.” मी म्हटलं, अच्छा, आणि दार लावलं. त्यांनी आणलेला खिरीचा डबा बेसिनमध्ये ओतला.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर रुग्णाचीच सही हवी होती. आता बाबांचं सांगायचं तर, न वाचता सही हा प्रकार त्यांच्या रक्तात नव्हता. नातीचं प्रगतिपुस्तकसुद्धा मागचं-पुढचं वाचून, बाईंच्या शेऱ्यातला स्वल्पविराम दुरुस्त करून मग सही. जेवताना ऑफिसच्या गोष्टी सांगत. “अर्धवट फाइल वर आली की मी समासात दोनच शब्द लिहायचो, ‘प्लीज स्पीक’. मग धावत यायचे लेकाचे, आणि समोर उभं राहून सगळं तोंडाने सांगावं लागायचं.”

नवऱ्याने कागद वरून दुमडला. सहीची रेघ तेवढी उघडी ठेवली. “आतड्याला सूज आहे बाबा, छोटंसं ऑपरेशन. इथे सही करा. धर गं जरा.”

मी घडीवर अंगठा दाबून धरला. बाबांनी कागदाकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे, आणि सही केली.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी चादर उचलून पोट पाहिलं. “हे किती दिवस?”

“थोडेच दिवस, बाबा,” नवरा म्हणाला.

पिशवी मीच बदलायचे. पहिल्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन ओकले. पुढे सवय झाली. हातांना झाली, नाकाला नाही. नणंद भेटायला आली त्या दुपारी बैठकीच्या खोलीतच पिशवी सुटली. तिने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, “उदबत्ती लाव ना वहिनी.” बाबा भिंतीला धरून उठले आणि आत गेले. ती असेपर्यंत बाहेर आले नाहीत. ती गेल्यावर नवरा म्हणाला, “बघ, किती रडत होती बिचारी.” मला तो पदर आठवून आजही चीड येते.

महिन्याभराने केमोचा फॉर्म आला. नवऱ्याने पुन्हा कागद दुमडला. “धर गं.”

मी हात मागे घेतला. फाइल उचलून बाबांच्या मांडीवर ठेवली, त्यांचा चष्मा आणून दिला आणि नवऱ्याला म्हटलं, “चल, भाजी आणू.”

परत आलो तेव्हा खाकी कव्हर नीट चौकोनी घडी घालून उशीपाशी ठेवलेलं होतं. फॉर्मच्या समासात पेन्सिलीने ‘प्लीज स्पीक’, खाली आद्याक्षरं आणि तारीख.

नवरा खुर्ची ओढून बसला. मग सांगितलं सगळं, गाठ, पिशवी कायमची, सगळं. बाबांनी तीन प्रश्न विचारले. औषध घेतलं तर किती दिवस, नाही घेतलं तर किती, आणि घेतलं तर त्या दिवसांपैकी अंथरुणात किती. नवऱ्याला एकाचंही उत्तर येत नव्हतं. एवढ्या महिन्यांत त्याने डॉक्टरांना हे विचारलंच नव्हतं. मीही नाही.

“विचारून या,” बाबा म्हणाले. “असं अर्धवट प्रकरण घेऊन येतात का?”

दुसऱ्या दिवशी विचारून आलो. उत्तरं त्यांनी डायरीत लिहून घेतली, दोनदा वाचली आणि फॉर्मवर मराठीत लिहिलं, ‘औषध नको’. खाली पूर्ण सही. नवरा उठून गॅलरीत गेला.

“त्या दिवशी घडीवर अंगठा तुझा होता,” बाबा मला म्हणाले.

“हो.”

“खाली पिशवीचं लिहिलेलं होतं?”

“हो, बाबा.”

“मी विचारायला हवं होतं. म्हटलं, तू धरला आहेस, तर वाचून धरला असशील.”

मी वाचून धरला होता. ते मी त्यांना सांगितलं.

त्यांनी पेनला टोपण लावलं, चष्मा काढून डायरीवर ठेवला आणि सदरा वर केला. पिशवी भरली होती. मी हातमोजे आणायला उठले.