सरू आत होती

बिल्किस धनसे रोह्याची. वडील मुसा धनसे कुवेतला गाडी चालवायचे आणि वर्षाआड सुट्टीवर यायचे. घर सांभाळायची ती आई, ताजुन्निसा. बी.ए. झाल्यावर बिल्किसला पेणच्या एका संस्थेत नोकरी लागली. संस्थेचं कान तपासायचं केंद्र होतं. कंपन्यांमध्ये जन्मभर मोठ्या यंत्रांशेजारी शिफ्ट करून कान निकामी झालेली माणसं तिथं यायची, तशी वयानं ऐकू येईनाशी झालेलीही. पुण्याच्या काही इंजिनियर मंडळींनी कानात घालायचं स्वस्त यंत्र बनवलं होतं. ते बाजारात आणण्याआधी पेण-रोह्याच्या गावांत काही जणांना फुकट वापरायला दिलं होतं. ते त्यांना कसं वाटतं, हे घरोघर जाऊन विचारायचं काम बिल्किसचं.

तिला ते काम सोपं वाटलं. बोलायला ती गोड, म्हाताऱ्यांना बाबा म्हणायची, म्हाताऱ्यांच्या सुनांना वहिनी. ओट्यावर टेकायची आणि मोठ्यानं विचारायची, "चांगलं ऐकू येतं ना बाबा?"

"व्हय."

"कानाला त्रास नाय ना होत?"

"नाय गो."

मग चहा व्हायचा. संध्याकाळच्या गाडीनं ती रोह्याला परतायची आणि सगळे खूश आहेत असं पुण्याला कळवायची. पुणेकरही खूश व्हायचे.

एक दिवस निडी गावच्या विमलबाई यंत्र परत द्यायला केंद्रात आल्या. त्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. बिल्किसनं यंत्र उघडलं. आतल्या इवल्याशा सेलवर एक रंगीत कागद चिकटवलेला असतो, तो काढल्याशिवाय सेल चालूच होत नाही. कागद जसाच्या तसा होता. म्हणजे विमलबाईंनी त्या यंत्रातून एक शब्दही ऐकला नव्हता.

बिल्किसनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "विमलबाई, तुम्ही तर चांगलं ऐकू येतं म्हणाला होतात."

विमलबाई ओशाळून हसल्या. "तू एवढी उन्हातान्हाची आलेलीस. एवढी गोड बोललीस. तुला नाय कसा म्हणू?"

आपण गेलो त्या सगळ्या घरांतले होकार बिल्किसच्या डोळ्यांपुढून सरकायला लागले. त्यातले खरे किती, आणि चहासारखे पाहुणीला दिलेले किती, हे तिला सांगता येईना. त्या होकारांवर भरवसा ठेवून पुण्यात पुढची यंत्रं बनत होती.

तिनं तसंच जाऊन चंद्रावतीताईंना सांगितलं. चंद्रावतीताई पुण्याहून या कामावर देखरेख करायला यायच्या. त्यांचं अर्धं आयुष्य लोकांना प्रश्न विचारण्यात गेलं होतं. त्या रागावल्या नाहीत.

"तुझ्या प्रत्येक प्रश्नाला 'ना'चं शेपूट आहे," त्या म्हणाल्या. "येतं ना, होत नाही ना, आवडलं ना. शेपूट लावलं की समोरच्यानं काय बोलायचं ते तूच ठरवून टाकतेस. कसं वाटतं, असंही विचारू नकोस. काल काय केलं ते विचार. यंत्र कुठं ठेवता ते दाखवा म्हण. आणि विचारून झालं की गप्प बस. अवघडल्यासारखं झालं तरी गप्प बस. माणूस त्यानंतरच बोलतो."

गप्प बसणं बिल्किसला सगळ्यात जड गेलं. तिनं घरी आईवर सराव सुरू केला. "अम्मी, काल मिक्सर कधी लावलास? मग काय केलंस?" आणि आईकडे टक लावून बसली. ताजुन्निसा म्हणाली, "पोलिसात लागलीस की काय तू?" पण हळूहळू जमायला लागलं. एका म्हातारीनं यंत्र पिठाच्या डब्यातून काढून दाखवलं. एकानं सांगितलं की पंख्याच्या आवाजानं डोकं उठतं. कुणाला बोटं थरथरतात म्हणून सेल बदलता येत नव्हता. बिल्किसला हे ऐकायची चटकच लागली. माणूस थांबला, खाली बघायला लागला, की आता काहीतरी खरं येणार हे तिला कळायला लागलं.

अशात ती गडब गावी गुणाजी म्हात्र्यांकडे गेली.

गुणाजी कंपनीतून निवृत्त झालेले, भातशेती होती तीही आता मुलाच्या हाती. बायको वारलेली. मुलगा पोपट याचं हायवेवर पापड-मिरगुंडांचं दुकान. पापड लाटायची ती पोपटची बायको सरू. बिल्किस गेली तेव्हा सरूनंच दार उघडलं, चहा दिला आणि "माझं पीठ सुकंल" म्हणून आतल्या खोलीत गेली. ओटी आणि ती खोली यांच्या मध्ये नुसता पडदा होता. आतून लाटण्याचा आवाज येत होता.

गुणाजींनी फळीवरची डबी काढली, यंत्र कानात घातलं. बिल्किसनं फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड करू का असं विचारलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली. फोन खाटेवर ठेवून तिनं विचारलं, "काल यंत्र कधी लावलंत बाबा?"

"काल नाय लावला."

"त्याच्या आधी कधी?"

"भजनाला लावला व्हता."

"आणि घरी?"

गुणाजी खाटेच्या पट्टीवरून बोट फिरवत बसले. बिल्किस गप्प राहिली.

"घरात लावला की सगला ऐकू येतो," ते म्हणाले.

ती अजून गप्प राहिली. आत लाटणं चालू होतं. सरू दोन हातांवर आहे हे बिल्किसला माहीत होतं. बाबांना अंगणात चला म्हणावं, असं तिच्या मनात आलंसुद्धा. पण उठलं तर बोलणं मोडेल. आलेला शब्द परत जाईल. ती उठली नाही.

"पहिल्या दिशी यंत्र लावून हितंच बसलो व्हतो. सून बहिणीशी फोनवर बोलत व्हती. म्हंते, आमच्याकडं एक खांब हाय नि एक म्हातारा हाय, दोगांत फरक काय नाय. खांबाला खायला तरी लागत नाय." गुणाजींचा आवाज बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा होता. "पोपट तिथंच जेवत व्हता. तो हसला."

गुणाजी खाली बघत पुढं बोलले.

"बहिरा व्हतो तवा बरा व्हतो. सगली हसायची, मीपन हसायचो. मला वाटायचा, मंडली आपल्यावर खूस हायत."

आतलं लाटणं थांबलं होतं. कधी थांबलं ते बिल्किसला नेमकं कळलं नाही, पण थांबलं होतं. ती "येते बाबा" म्हणून उठली. सरू बाहेर आली नाही. बिल्किसनं पडद्याकडे बघून "वहिनी, निघते" म्हटलं.

पुढच्या आठवड्यात पेणच्या कचेरीत पुण्याचे इंजिनियर आले. चंद्रावतीताईंनी गुणाजींचं बोलणं सगळ्यांना ऐकवलं. यंत्र चालतं की नाही एवढंच जो तो बघत होता, ते चालल्यावर घरात काय होतं याचा विचार कुणी केला नव्हता. एक तरुण इंजिनियर म्हणाला, "अशी मुलाखत मी आजवर ऐकली नाही." आता नव्या मुलींना शिकवायचं कामही बिल्किसकडे द्यायचं ठरलं.

"मागे ते टकटक काय वाजतंय?" कुणीतरी विचारलं.

"पापड लाटत होत्या," बिल्किस म्हणाली.

"कोण?"

"सून."

चंद्रावतीताईंनी तिच्याकडे पाहिलं. "ती आत होती? तुला माहीत होतं?"

"नाही. नंतर लक्षात आलं."

तोंडातून गेलं ते गेलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि चर्चा पुढं सरकली. बिल्किस मात्र तिथंच राहिली. त्या दिवसापासून कुणी तिचं कौतुक केलं की तिला ते थांबलेलं लाटणं ऐकू यायचं. गाडीत, घरी जेवताना, आई काही लाटायला बसली तरी. ताजुन्निसानं एकदा विचारलंही, "काय झालंय गो तुला?" तिनं काही नाही म्हटलं. आई प्रश्न विचारून गप्प बसली असती, तर कदाचित तिनं सांगितलं असतं.

महिन्याभरानं पुन्हा गडबला जायची वेळ आली. ती मिनिडोर रिक्षातून हायवेवर उतरली तर पोपटच्या दुकानातच गुणाजी दिसले. मागच्या बाजूला त्यांची खाट टाकलेली, दोरीवर टॉवेल वाळत घातलेला. पोपटनं तिला ओळखलं. तो शांतपणे म्हणाला, "काय विचारलंत तुम्ही माझ्या बापाला? त्या दिवसापासून घरी येत नाय. डबा हितं पोचवतो मी." मग म्हणाला, "मीपण त्याच्या डोळ्याला डोळा देत नाय."

बिल्किस घराकडे गेली. सरू ओट्यावर पापड वाळत घालत होती.

"वहिनी."

सरूनं मान वर केली नाही. "मी आत हाय ते ठाव व्हतं ना तुला?"

बिल्किसला पुन्हा नाही म्हणता आलं असतं. "होतं," ती म्हणाली.

"मंग?"

"थांबवायला हवं होतं. ते बोलत होते, आणि मला ऐकायचं होतं. म्हणून नाही थांबवलं."

सरूनं एक पापड सरळ केला. "सासूबाईंची दोन वर्षं मी काढली. अंथरुणातली. सासऱ्यांच्या खोकल्याचा काढा, पाण्याची बादली, सगला मीच बघते. खांबाचं बोलले त्या दिवशी अंगात ताप व्हता, तशीच लाटायला बसलेली. बहिणीचा फोन आला, बोलले. माणूस बोलतो कवातरी. तू त्यांना इचारलंस, काल काय केलं, परवा काय केलं. मला इचारलंस काय?"

"नाही."

"आता इचारू पण नको."

बिल्किसनं माफी मागितली. सरू म्हणाली, "माफीचा काय करू? मी बोलले ते खोटं नव्हतं, त्यांनी ऐकलं तेपण खोटं नव्हतं." तिनं रिकामी परात उचलली आणि ती आत गेली.

परतताना बिल्किस दुकानात गुणाजींजवळ बसली. यंत्र त्यांच्या कानात होतं. ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी वहिनी आत होत्या. मला माहीत होतं. चूक माझी."

गुणाजींनी रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "यंत्र माझ्या कानात व्हता पोरी. लाटण्याचा आवाज मला नाय आला काय?"

बिल्किसला क्षणभर कळेना.

"मला तिला सांगायचा व्हता. तोंडावर जमत नव्हता. तू इचारलंस, तुझ्या नावावर बोलून घेतला." त्यांनी डोळे पुसले. "तवापासून घशाखाली घास जात नाय. पोरीनं माझ्या बायकोचा गू-मूत काढला. एका वाक्यासाठी मी तिची अब्रू परक्यासमोर काढली."

हे ऐकून बिल्किसचा भार हलका व्हायला हवा होता, पण झालं उलटंच. आपण विचारलं नसतं तर हा माणूस स्वतःच्याच शब्दांत असा अडकला नसता.

"त्यांना सांगा ना बाबा हे," ती म्हणाली, आणि 'ना' ऐकून तिची तिलाच लाज वाटली. गुणाजींनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं चंद्रावतीताईंना खरं सांगितलं. सरू आत आहे हे ठाऊक होतं, सगळ्यांसमोर आपण खोटं बोललो, हेही सांगितलं. ती मुलाखत पुन्हा कुणाला ऐकवू नका, पुसून टाका, असं म्हणाली. ताईंनी ऐकवणं थांबवलं. पण पुण्यात ती आधीच चौघांच्या संगणकांवर पोचली होती. सगळीकडून पुसली गेली का, याची खात्री त्यांना देता आली नाही. "गप्प बसायला मी तुला शिकवलं," त्या म्हणाल्या. "कधी थांबवायचं ते शिकवायचं राहिलं. यातला अर्धा दोष माझ्याकडे."

बिल्किसनं नोकरी सोडली नाही. आता ती कुठल्याही घरी गेली की आधी आत जाऊन येते, कोण कुठं बसलंय ते बघते, सुनेशी बोलते. बोलणं नाजूक वळणावर आलं आणि पडद्याआड कुणी असेल तर मध्येच म्हणते, "थांबा बाबा, आपण बाहेर बसू." पुष्कळदा बाहेर आल्यावर माणूस ते बोलतच नाही. नव्या मुलींना वाटतं, बाई उगाच चांगली मुलाखत घालवतात. एकदा एकीनं तसं बोलून दाखवलं. बिल्किसनं तिला गडबची गोष्ट सांगितली, पण नावं आणि गाव बदलून.

भात कापणीच्या दिवसांत सरू स्वतः दुकानात गेली होती म्हणे. सासऱ्याची खाट उचलून भाताच्या गोण्या नेणाऱ्या टेम्पोत घातली आणि "चला" एवढंच म्हणाली. गुणाजी निघाले. हे पोपटनं बिल्किसला पुढच्या खेपेला सांगितलं. घरात आता ते यंत्र लावत नाहीत. आल्या आल्या सरूच्या समोर कानातून काढून फळीवर ठेवतात, म्हणजे तिला मोकळेपणी बोलता यावं.

"मग वहिनी बोलतात?" बिल्किसनं विचारलं.

"नाय," पोपट म्हणाला. "फोन आला की मागं परड्यात जाते."