पडेल नाटकांत हसणारी बाई

माझं हसू मोठं आहे. किती मोठं, तर एकदा कल्याणच्या नाट्यगृहात मी हसले आणि बाहेर उभ्या असलेल्या दोन गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजायला लागले. त्यातला एक आधीपासूनच वाजत असावा, हे मी मान्य करते. दुसरा माझा. शाळेत बाईंनी हसल्याबद्दल मला वर्गाबाहेर उभं केलं आणि पाच मिनिटांत परत आत घेतलं, कारण बाहेरून माझं हसू शेजारच्या तीन वर्गांना पुरत होतं. मोहन्याच्या आमच्या चाळीत वडील म्हणायचे, "हिचं लग्न ठरवताना मुलाकडच्यांची कसली, त्यांच्या शेजाऱ्यांची पसंती घ्यायला पाहिजे."

या हसण्यापायी मी जेवढी पडेल नाटकं पाहिली तेवढी ती पाडणाऱ्या निर्मात्यांनीही पाहिली नसतील. चालणारं नाटक कुणीही तिकीट काढून बघतं. पडेल नाटकाला बोलावणं यावं लागतं.

मला ते पहिल्यांदा ठाण्यात आलं. रविवारी दुपारी चारचा प्रयोग. रंगमंचावर अकरा माणसं, खाली आम्ही नऊ, त्यातली दोन नुसती पंख्याखाली बसायला आलेली. एका नटाचा टोप सरकून कानावर आला आणि मी फुटले. माझ्यामागून उरलेली आठही हसली, पंखेवाली दोघंसुद्धा. मध्यंतरात खिशाला तीन पेनं लावलेला एक गृहस्थ आमच्याकडे आला. नाटकाचा व्यवस्थापक. मला म्हणाला, "बाई, पुढच्या रविवारी मोकळ्या आहात का?"

माझे मिस्टर शेजारीच होते. ते म्हणाले, "नाही हो, त्यांचं लग्न झालंय."

मग व्यवस्थापकानं समजावून सांगितलं. रिकाम्या हॉलमध्ये माणसाला पहिलं हसायची लाज वाटते. एकानं सुरुवात केली की बाकीचे मागून येतात. मी सुरुवात करायची. डी रांग, मधली खुर्ची, पास फुकट, मध्यंतरात वडा आणि चहा. बाकी काही देणंघेणं नाही. मी लगेच हो म्हटलं. नाही कशाला म्हणू? मला तर घरी हसायलाही जागा नव्हती.

त्यानंतर मी काय काय बघितलं! एक भुताचं नाटक होतं. त्यातल्या भुताचा पदर खिळ्यात अडकला आणि भूत दहा मिनिटं तिथंच उभं राहून घरच्यांच्या गप्पा ऐकत बसलं. शेवटी नायिकेच्या आईनंच जाऊन पदर सोडवून दिला आणि "जा" म्हणाली. एका ऐतिहासिक नाटकात सरदाराच्या हातात तलवारीची नुसती मूठ राहिली, पातं पहिल्या रांगेत. पहिल्या रांगेत कुणीच नव्हतं म्हणून बरं. एका कौटुंबिक नाटकाला मला रडायला बोलावलं. माझं रडणं हसण्यासारखंच निघतं, त्यामुळे नायिकेचा बाप गेला आणि सगळं नाट्यगृह पोट धरून हसलं. ते नाटक पुढे चार प्रयोग जास्त चाललं म्हणतात. मी तसंच सांगते सगळ्यांना.

पण डी रांगेतून आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मी सहसा सांगत नाही. नट प्रवेश करतो तेव्हा त्याची नजर एकदाच, अगदी पटकन, हॉलवरून फिरते. तेवढ्यात त्यानं मोजलेलं असतं. मग पुढचे दोन तास तो त्या मोजलेल्या माणसांसाठी घाम गाळतो. शेवटी सगळे हात जोडून ओळीनं उभे राहतात तेव्हा निम्मी माणसं चपला शोधत असतात. मी दरवेळी उभी राहून टाळ्या वाजवायचे, आणि मग रंगपटात जाऊन सगळ्यांना सांगायचे, "छान झाला हं प्रयोग." आपल्याकडे तशी पद्धतच आहे. प्रयोग कसाही होवो, आत जाऊन छान झाला म्हणायचं. इतक्या वर्षांत मी किती वेळा म्हटलं असेल, आणि त्यातल्या एकाही नटानं माझ्यावर विश्वास ठेवला नसेल. त्यांनाही पद्धत ठाऊक असते.

माझ्या भावाला ठाऊक नव्हती.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. विठ्ठलवाडीला राहतो, शहाडजवळच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. लहानपणी भीमजयंतीच्या स्टेजवर तो उभा राहिला की मोहन्याची पोरं झाडावर चढून बघायची. पुढे नोकरी, लग्न, मुलगी, आणि नाटक राहिलं ते राहिलंच. त्याच्या पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना मीच व्यवस्थापकाकडे त्याचा विषय काढला. एक नवं विनोदी नाटक येत होतं. बिल्डरनं एकच फ्लॅट दोन कुटुंबांना विकलाय आणि दोन्ही कुटुंबं त्यात राहायला आलीत, अशी गोष्ट. व्यवस्थापकानं माझ्याकडे बघितलं, खिशातलं एक पेन काढून परत लावलं आणि म्हणाला, "भाऊ तुमचा, हसू तुमचं. मला दोन्ही लागतील."

"देईन," मी म्हटलं. भावाला यातलं काही सांगितलं नाही.

त्या नाटकात त्याचं काम छोटं, पण मोक्याचं. दोन्ही कुटुंबांना नकळत तो तिथल्या कपाटात राहत असतो. दुसऱ्या अंकात हवालदार कपाट उघडतो. आत हा, पाय पोटाशी घेऊन बसलेला. हवालदार विचारतो, "इथं काय करतोस?" हा वर बघतो, डावीकडची फळी बघतो, उजवीकडची बघतो आणि म्हणतो, "पागडीवर घेतलंय."

पहिल्या प्रयोगाला मी खरी हसले. शपथ घेऊन सांगते. दुसऱ्यालाही थोडीशी. तिसऱ्यापासून मी मोजायला लागले. वर, डावीकडे, उजवीकडे. एक, दोन, तीन, वाक्य, हसू. माझ्यामागून तीस-चाळीस माणसं हसायची आणि कपाटातल्या माझ्या भावाचं तोंड असं उजळायचं की मला त्याच्याकडे बघवायचं नाही. कारण नाटक पडलेलं होतं. डोंबिवली, कल्याण, ठाणे, सगळीकडे खुर्च्याच खुर्च्या. पण भाऊ म्हणायचा, "ताई, माणसं कमी आहेत, पण हसतात बघ! चाळीस माणसं चारशेसारखी हसतात."

चारशे माणसं कोण, हे मला माहीत होतं.

मग निर्मात्यानं डोक्यात घेतलं की इथं नाही तर दौऱ्यात नाटक तरेल. कोकण, मग विदर्भ, सलग दीड महिना. कंपनी एवढी रजा देईना. भावानं राजीनामा लिहिला. नाटकाचा बारावा प्रयोग रविवारी डोंबिवलीला होता आणि सोमवारी सकाळी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, असं त्याचं ठरलं.

शनिवारी त्याची बायको माझ्याकडे आली. ही बाई एरवी इतकं कमी बोलते की तिचा आवाज कसा आहे हे मी दर दिवाळीला विसरते. चहाला हात न लावता म्हणाली, "ताई, उद्या हसू नका."

"अगं, मी हसले नाही तर नाटक झोपेल."

"झोपू दे. पोरीची बारावी आहे. ह्यांनी राजीनामा लिहून फोटोच्या फ्रेममागे खोचून ठेवलाय. मी रोज पुसताना बघते."

"आयुष्यात एकदा त्याला मिळतंय काहीतरी."

"ह्यांना मिळतंय, का तुम्ही देताय?" तिनं विचारलं. म्हणजे तिला कळलं होतं. मी विषय बदलला. मी हसले. माझ्याच घरात ते हसू इतकं खोटं निघालं की मिस्टर आतून बघायला आले.

रात्रभर तळमळले वगैरे काही नाही, मला झोप लागते. पण सकाळी ठरवलं, हसायचं. कबूल केलं होतं व्यवस्थापकाला आणि, खरं तर, कपाटातल्या त्या तोंडालाही.

डोंबिवलीला त्या दिवशी जेमतेम पन्नास माणसं होती. पहिला अंक मी ओढून नेला. दुसऱ्या अंकात हवालदारानं कपाट उघडलं. "इथं काय करतोस?" भावानं वर बघितलं. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. आणि मी हसले.

वाक्य आलंच नव्हतं.

त्या दिवशी त्यानं वाक्याआधीचा थांबा वाढवला होता. मी डोळे उघडले तेव्हा तो फळीवर हळूच बोट फिरवत होता. त्यानं धूळ बघितली, बोट शर्टाला पुसलं. नवीन होतं ते सगळं. अकरा प्रयोग लोक हसले म्हणून त्याला तेवढा धीर आलेला. इतका वेळ शांत राहायला नटाची छाती लागते, आणि ती छाती त्याला माझ्या हसण्यानं दिली होती. आणि मी मात्र डोळे मिटून तीन मोजत होते.

माझं ते हसू, गाड्यांचे हॉर्न वाजवणारं, रिकाम्या हॉलमध्ये एकटं फिरून परत माझ्याकडे आलं. मागून एक माणूस ओरडला, "बाई पगारी आहे वाटतं!"

सगळं नाट्यगृह हसलं. त्या नाटकाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं हसू, आणि ते मला होतं. भावानं "पागडीवर घेतलंय" म्हटलं, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. त्यानंतर मी तोंड मिटून बसले. माझ्यामागून हसणारेही तसेच बसले. उरलेला पाऊण तास नटमंडळी वर घाम गाळत होती आणि खाली एक खोकलाही येत नव्हता.

मी रंगपटात गेले. जावंच लागतं. बाकीचे नट कपडे बदलून निघाले होते, व्यवस्थापक माझ्याकडे न बघता बाहेर गेला. भाऊ आरशासमोर बसून खोबरेल तेलानं रंग पुसत होता. अर्धं तोंड त्याचं, अर्धं कपाटातल्या माणसाचं. आरशातूनच म्हणाला, "ताई, पाठ झालंय का तुला? का मुद्दाम केलंस?"

आता बघा. मी आयुष्यभर दहाचे बारा करून सांगत आले. भूत, तलवार, हॉर्न. यातल्या कशानं कुणाचं काही बिघडलं नाही. इथं मात्र दोनच उत्तरं होती. पाठ झालंय म्हणावं, तर अकरा प्रयोग मी पाठ केलेलं हसले, म्हणजे त्यानं कुणाला हसवलंच नव्हतं. मुद्दाम म्हणावं, तर मी त्याचं नाटक पाडलं.

"मुद्दाम," मी म्हटलं.

"का?"

"तुझी नोकरी जाऊ नये म्हणून. पोरीची बारावी आहे."

"हिनं सांगितलं तुला?"

"नाही. मीच."

"आणि आधीच्या अकरा प्रयोगांत?"

"ते खरं होतं रे. तू हसवत होतास."

कापूस तेलात बुडवून त्यानं गाल पुसला. बराच वेळ पुसत होता, रंग निघून गेल्यावरही. मग म्हणाला, "म्हणजे मी हसवत होतो. आणि तू पाडलंस."

"हो."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. मी "छान झाला हं प्रयोग" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

सोमवारी राजीनामा गेला नाही. पुढच्या आठवड्यात नाटक बंद झालं, दौराही बारगळला. भावजय घरी आली, माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" तिनं मागितलं तेच मी केलं असं तिला वाटलं. मी हातही सोडवले नाहीत आणि तिला खरं काय ते सांगितलंही नाही. ती जाताना एक डबा ठेवून गेली. त्यातले लाडू मी एकटीनं खाल्ले आणि प्रत्येक घासाला मला लाज वाटली, हे अजिबात वाढवून सांगत नाही.

भाऊ वर्षभर माझ्याकडे फिरकला नाही. फोनवर जयभीम म्हणायचा आणि मिस्टरांना फोन द्यायला सांगायचा. नाटकाचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. व्यवस्थापकानंही मला पुन्हा बोलावलं नाही. आता मी तिकीट काढून बघते, मागच्या रांगेत बसून.

त्याची मुलगी बारावी पास झाली तेव्हा विठ्ठलवाडीला जेवण होतं. पंगतीत वाढता वाढता भावानं सगळ्यांना विचारलं, "माझं नाटक कुणी पाडलं, माहितीये का?" आणि हातात भाताचा चमचा घेऊन त्यानं सगळं करून दाखवलं. हवालदार, कपाट, आणि डी रांगेत डोळे मिटून बसलेली मी. माझं हसू त्यानं असं काढलं की शेजारच्या बिल्डिंगचे लोक गॅलरीत आले. माणसं ताटावर वाकली होती, भावजय पदरात तोंड घालून हसत होती. नाटकात अकरा प्रयोग तो जे हसू शोधत होता ते त्याला इथं, माझ्या जिवावर, आयतं सापडलं होतं.

मला हसू येत होतं. खरं येत होतं. पण ते बाहेर आलं तर त्याला ते खरं वाटेल की पाठ केलेलं, हे मला कळेना. म्हणून दाबून धरलं.

तो माझ्या ताटासमोर येऊन थांबला. "काय गं ताई, आता का नाही हसत?"

"तोंडात घास आहे रे," मी म्हटलं.

त्यानं माझ्या ताटात भात वाढला आणि पुढच्या माणसाकडे वळला.