काटेबाई आणि भावाचा नर

डुकरांच्या चाचणी केंद्रात वजनकाटा सांभाळणाऱ्या बाईंना सगळे काटेबाईच म्हणत. बाई भारी संशयी! नवा माणूस दिसला की आधी त्याच्या बुटांकडे बघणार, मग तोंडाकडे. "संशयाची कावीळ झालीय बाईंना," लोक म्हणायचे.

केंद्रात वेगवेगळ्या फार्मवरचे तरुण नर यंत्रातून मोजून खायचे. कमी खाऊन जास्त वाढेल तो निवडायचा, मग त्याचीच पिल्लं सगळ्या फार्मवर. यंदा सर्वांत पुढे होता बाईंच्या धाकट्या भावाचा नर. तो निवडला गेला, तर भावाचा बुडायला आलेला फार्म तरणार होता.

पण खाणं चिमणीएवढं आणि अंग असं? बाईंच्या डोक्यात किडा वळवळला. कुणीतरी याला यंत्राबाहेर चारतंय! खाद्याचं गोदाम कुणाकडे? नवऱ्याकडे. आणि त्याचा तर मेहुण्यावर भारी जीव. झालं! बाई घरी त्याचे खिसे झाडू लागल्या, बोलणंही टाकलं.

"अगं, झालंय तरी काय?"

"तुमचं तुम्हाला माहीत!"

बिचारा झाडलेले खिसे आत सारून गोदामाकडे निघायचा.

शेवटच्या वजनाला मालक कुंपणाबाहेर जमले. चाचणी संपेपर्यंत त्यांना आत मनाईच होती. बाईंनी भावाचा नर काट्याकडे वळवला. नवरा अगदी जवळून गेला, पण नराने ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्यात बाहेर भाऊ खोकला. नर जो उधळला तो थेट कुंपणाशी, आणि गजांतून नाक खुपसून भावाच्या खिशाला ढुसण्या देऊ लागला.

"पिल्लू असल्यापासूनची ओळख, ताई," भाऊ हसला. पण खिशावरचा हात काढेना.

बाईंना एकदम आठवलं: त्यांचं घर केंद्राला लागूनच, आणि केंद्राच्या मागच्या दाराची किल्ली त्यांच्याच स्वयंपाकघरात खिळ्याला असायची. आणि रोज चहाला येणारा भाऊ "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत मागच्या बाजूने बाहेर पडायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"ताई, फार्म जाईल गं माझा," भाऊ पुटपुटला.

"म्हणून खोट्याची पिल्लं सगळ्यांच्या गळ्यात मारू?" बाईंना रडू आवरेना. तशाच रडत त्यांनी नराच्या पाठीवर लाल रंगाची फुली ओढली. नर बाद झाला.

नवरा पुढे आला आणि नराला हळूच मागे हाकू लागला. जाता जाता एवढंच म्हणाला, "मला एकदा विचारायचं तरी होतंस."