तार दिसते

लालबागची खोली सोडली तेव्हा आईने स्टोव्हमधलं उरलेलं रॉकेल बाटलीत ओतून शेजारच्या काकूंना दिलं. गिरण्यांचा संप लांबला होता. बायकापोरांना कोकणात पाठवणारे आम्ही एकटेच नव्हतो. एसटीच्या खिडकीशी बाबा म्हणाले, "संप मिटलो की तुमका परत हाडतलंय." संप मिटलाच नाही. गिरणी गेली आणि बाबाच गावी आले.

मी कुडाळला शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. शिष्यवृत्ती देणाऱ्यांची, सांभाळून घेणाऱ्या बाईंची मी ऋणी आहे. पण मी गिरणीमालकाला शिवी दिली की बाबा मलाच दरडावत: "शेटाक नावां ठेवू नको. त्येच्याच पगारार तू वाढलंस." घाम यांचा आणि उपकार शेटचे! चीड यायची मला.

पुढे जर्मनीतल्या एका कंपनीत मी एका तारेवर काम केलं. हृदयात नळी न्यायची तर आधी बारीक तार सरकवतात आणि ती एक्स-रेखाली पाहत राहतात. जन्मतः हृदय सदोष असलेल्या मुलांना हे पुन्हापुन्हा करावं लागतं, दर वेळी किरणांचा मारा. एमआरआयमध्ये तो नसतो. पण तिथे धातूची तार तापू शकते आणि काचतंतूंची दिसत नाही. म्हणून आम्ही काचतंतूंच्या तारेवर लोखंडाच्या कणांचे ठिपके दिले. पडद्यावर काळे डाग सरकू लागले, तार कुठे आहे ते कळलं. आमच्यातली डॉक्टर चक्क नाचली.

मग कंपनीने ते काम बंद करायचं ठरवलं. आमचे साहेब दादरचे. मीटिंगआधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, तार नीट दिसत नाही, एवढंच बोल. फायदा नाही म्हणून बंद केलं, हे सांगायला बरं वाटतं का?"

"पण दिसते ना, सर."

"फार शहाणी झालीस! कुडाळहून उचलून इथे कोणी आणलं तुला?"

आता बाबांसारखी मान खाली घालायची पाळी माझी होती. घातली नाही. "तार दिसते," मी सगळ्यांसमोर सांगितलं. "अशी मुलं थोडी आहेत, म्हणून तुम्हाला परवडत नाही."

काम बंद झालंच. माझं कंत्राटही वाढवलं नाही.

लालबागकरांनो, आणि माझ्यासारख्या दूर गेलेल्यांनो, आता कंपनीचे आभार मानायला मला सांगू नका. केलेल्या कामासाठी जिथे मिंधं राहावं लागत नाही, ते घर. बाबांना ते लालबागला मिळालं नाही, मला इथे नाही. हा राग तेवढा माझा आहे. सध्या मी त्यातच राहते.