मुलाणी सर आणि टाकीच्या पायावरची तांब्याची पाटी

गेल्या महिन्याच्या चार तारखेला, सकाळी सव्वाअकरा वाजता, गौरव समितीने दौंडच्या आमच्या शाळेतील पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाचा रंग खरवडला आणि तिथे मुलाणी सरांच्या नावाची तांब्याची पाटी ठोकली. ज्यांनी जन्मभर लोखंड जपायला शिकवले, त्यांच्या साठाव्या वाढदिवसाचा हा सत्कार!

सर शिरूरहून विज्ञान शिकवायला आले तेव्हा स्वातंत्र्याला चार वर्षे झाली होती आणि मी मुख्याध्यापिका होते. पहिल्याच तासाला त्यांनी दोन खिळे मिठाच्या पाण्यात ठेवले. एकाला तांब्याची तार गुंडाळली, दुसऱ्याला जस्ताची पट्टी. आठवड्याने तारेचा खिळा गंजाच्या चिखलात होता, जस्ताचा स्वच्छ. न्हावऱ्याहून लेकीला भेटायला आलेले एक आप्पा खिडकीतून म्हणाले, "मास्तर, तांबं तर पूजेचं. त्ये कसं कुणाचं वाईट करंल?"

"आप्पा, देव्हाऱ्यात खुशाल ठेवा. ओल्या लोखंडाला तेवढं टेकवू नका. लोखंड झिजतं आन् तांबं ऐटीत राहतं."

"म्हंजी आमच्या सरपंचावानी!"

वर्ग हसला. सरांनी हसू दाबून हिराकशीचा हिरवा खडा दाखवला. "यातही लोखंडच आहे आणि त्या तांबड्या गंजातही. संक्रमण धातू असे रंग बदलतात. म्हणून त्यांच्यावर नजर ठेवायची."

ती त्यांनी ठेवली. दर मे महिन्यात ते स्वतः तारेच्या ब्रशाने टाकीचे पाय घासत आणि शेंदरी रंगाचे दोन हात देत. मी म्हटले, शिपायाला सांगा. तर म्हणाले, "बाई, गंजावरूनच रंग फासला, तर तुम्हाला दिसणारही नाही."

मी विषमज्वराने अंथरुणाला खिळले, तेव्हा महिनाभर माझे इंग्रजीचे तासही त्यांनीच घेतले. नंतर क्षमा मागितली, कारण मुलींना स्पेलिंगपेक्षा आम्लेच जास्त पाठ झाली होती. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला हे पचायला जड गेले, पण मुली पास झाल्या.

पाटीबद्दल मी हरकत घेताच समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, सत्कारात रसायन आणू नका. चकचकीत दिसतंय की!" सर एवढेच म्हणाले, "प्रेमानं केलंय त्यांनी." ते बोलणार नाहीत, म्हणून मी बोलते. टाकी भरली की पाणी त्याच पायावरून ओघळते आणि खाली वसतिगृहाच्या मुली बादल्या घेऊन उभ्या असतात. प्रयोगशाळेच्या लाकडी दारावर ती पाटी नीट बसते. मी मोजून पाहिले आहे.

सरांना पंचाहत्तरीतही शिडी चढण्याचे बळ असो, मात्र आमच्या चुका खरवडायला ती चढावी न लागो. पाटी कधी उतरवणार आणि उघड्या पायाला रंग कोण देणार, हे समितीने येत्या पंधरा तारखेच्या सायंकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावे.