तिसऱ्या नंबरचे पंपवाले भाऊ

"तोंडाले नको लावू! बासरी हाय काय ते?"

फवारणी पंपाचं तुंबलेलं नोझल फुंकायला कुणी तोंडाशी नेलं की पंपवाले भाऊ असे खेकसत आणि त्याच्या हातावर चापट मारून ते काढून घेत. माणूस वयानं मोठा असला तरी चापट चुकायची नाही. यवतमाळहून लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं आणि शेजारी माझं झेरॉक्सचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याचं रागावणं लोक हसत हसत ऐकून घेतात.

बोंडअळीनं कापूस पोखरला ती वर्षं. जो तो पाठीवर पंप अडकवून शेतात. भाऊंनी तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. पंप कसा धुवायचा, वाऱ्याच्या विरुद्ध का फवारायचं नाही, असं सगळं. मोबाईल मी धरायचो. "मंडळी, घाई करू नका," असं सांगताना ते स्वतः इतकी घाई करत की मला हसू फुटायचं आणि चित्र हलायचं.

एका सकाळी कुठल्याशा बातम्यांच्या साइटनं यादी टाकली : इंटरनेटवरची जिल्ह्यातली सर्वांत प्रभावी माणसं. पहिला वरातीत नाचणारा एक पोरगा, दुसऱ्या ठेचा-भाकर करून दाखवणाऱ्या काकू, तिसरे आमचे भाऊ. एक पुढारी बराच खाली होता, याचा मला मनापासून आनंद झाला. मी पेढे आणले. चौकातल्या मंडळानं लगेच शाल-नारळाचं ठरवून टाकलं. भाऊ मात्र पेढा हातात धरून बसले.

"प्रभावी म्हंजे काय गा?"

"लोक तुमचं ऐकतेत, भाऊ."

"माहं तं घरीबी कोणी ऐकत नाही." मग त्यांनी पेढा तसाच कागदावर ठेवला. "आन् मी चुकलो तं? तेबी ऐकतेत?"

मी हसण्यावारी नेलं. दुपारी फोन आला. राजूरकडची एक बाई बोलत होती. तिचा नवरा फवारता फवारता शेतातच कोसळला होता. त्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं.

"तुमी सांगतलं तसंच केलं जी त्यायनं. पंपाले दोन झाकणं."

आपल्याकडे औषध मापानं कोण मोजतं? बाटलीचं झाकण हेच माप. भाऊंनी व्हिडिओत स्वतःच्या हातातल्या बाटलीची दोन झाकणं सांगितली होती. बाटली बदलली की झाकण बदलतं, हे सांगायचं राहून गेलं होतं.

आम्ही माझ्या गाडीवर निघालो. भाऊंनी वाटभर माझा खांदा दुखेपर्यंत धरून ठेवला होता.

तो माणूस घामानं निथळत पडला होता. तोंडातून लाळ गळत होती. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. बाईनं डॉक्टरांना दाखवायला पिशवीत आणलेली बाटली भाऊंनी पाहिली. औषध वेगळं, जास्त जहाल, आणि झाकण चांगलं दुप्पट.

बाईचा भाऊ व्हरांड्यात उभा होता. पंपवाले भाऊ सरळ त्याच्यापुढे गेले. "चूक माही हाय."

त्यानं कॉलर धरली. मी मधे पडायला गेलो, तर भाऊंनीच मला बाजूला सारलं.

"मार बाप्पा. पण पह्यले सांग, हे औषध गावात अजून कोणापाशी हाय?"

कॉलर सुटली. बाईचा भाऊ गावात फोन लावू लागला.

भाऊंनी मोबाईल माझ्या हातात दिला. "धर. आज हलू देऊ नको." आणि पहिल्यांदाच घाई न करता ते बोलले : "मंडळी, मी चुकलो. झाकणानं मोजू नका." जुना व्हिडिओ त्यांनी पुसून टाकला, पण तो कधीचाच गावोगावच्या ग्रुपांवर पोचला होता. नवा मात्र कोणी पुढे पाठवेना. चूक कबूल करणाऱ्या माणसात लोकांना काय गंमत! मग तिसऱ्या नंबरचा तो माणूस फरशीवर बसून एकेकाला फोन करत राहिला, "तेवढा काढून टाका ना जी." तिकडे शालवाले मला फोन करत होते. मी उचलले नाहीत. इतका राग आला होता आणि तो काढावा कोणावर ते कळत नव्हतं.

सकाळी रोग्यानं डोळे उघडले. बायकोनं सांगितलं, हे पंपवाले भाऊ. त्याला धड दिसत नव्हतं. त्यानं चाचपत भाऊंचा हात धरला.

"तुमीच काय जी? मी तुमचे सारे व्हिडिओ पाह्यतो. आता पुढचा कवा?"

भाऊ खाटेशी बसून ढसाढसा रडले.

पुढचा व्हिडिओ झाला नाही, सत्कारही नाही. त्यानंतर दर हंगामात दुकानाला कुलूप लावून ते एसटीनं गावोगाव फिरायचे, मापाचे पेले वाटायचे. अशाच एका फेरीहून आले आणि छातीत कळ येऊन गेले.

राजूरकडची ती दोघं आली होती. त्या माणसाची नजर पुरती परतली नव्हती, बायकोचा हात धरून चालत होता. तरी तिरडीला खांदा द्यायला तो पुढे झाला. कोणी अडवलं नाही. त्याला रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून आम्ही सगळे त्याच्या पावलानं हळूहळू चाललो.