चार नंबरचा रेचा

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी लहानपणापासून जरा जास्तच ऐकलं. त्या अक्षरानं मला आमच्या गावच्या लालबागेतल्या जिनिंगच्या कारखान्याच्या ऑफिसात नोकरी मिळवून दिली आणि त्यानंच एकदा माझ्या हातून भलतं काम करवून घेतलं. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

बाई असो की पुरुष, सारख्या कामाला सारखी मजुरी, असा कायदा तेव्हा नुकताच आला होता. आमच्याकडे बायांची हजेरी एका वहीत, पुरुषांची दुसऱ्या वहीत. दोन्ही एक करा, असा भोपाळहून कागद आला. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा आमचं गाव नागपूरच्या कारभारातून भोपाळच्या कारभारात गेलं त्याला बरीच वर्षं लोटली होती, तरी आमचे म्हातारे मुनीमजी भोपाळचा प्रत्येक कागद दोन बोटांच्या चिमटीतच धरायचे. शेठजींनी मात्र तो शांतपणे वाचला आणि मला म्हणाले, "बेटी, वही एक कर. कामं दोन लिही. पुरुष ऑपरेटर, बाया मदतनीस."

म्हणजे काम तेच, नाव वेगळं, आणि नाव वेगळं म्हणून मजुरीही पहिल्यासारखीच कमी. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण नवी कोरी वही होती, लाल शाईच्या रेघा होत्या, आणि मी त्या आखण्यात रंगून गेले. लाज वाटायला मला दोन दिवस लागले.

रेचा म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढणारं यंत्र. वरून हातानं कपास घालत राहायची, समोरून रुई निघते, खाली सरकी पडते. पात्याचं अंतर चुकलं की सरकी फुटते आणि रुई बिघडते. ते नुसत्या आवाजावरून ओळखणारं माणूस आमच्याकडे एकच होतं, चार नंबरच्या रेच्यावरची मावशी. तिचा जावईही त्याच रेच्यावर होता. तिनंच त्याला कामाला आणलं होतं आणि तिनंच शिकवलं होतं.

शिकवलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. जावयाला सासूनं रागवायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. म्हणून मावशी रेच्याला रागवायची. "अय रेच्या, एवढी कपास एकदम कोंबू राहिला का? घास बारीक घे!" जावई मुकाट्यानं मूठ लहान करायचा. दोन हंगाम साऱ्या शिव्या त्या लोखंडानं खाल्ल्या आणि जावई तयार झाला.

नव्या वहीत अंगठा द्यायला मावशी ऑफिसात आली. म्हणाली, "आधी वाचून दाखव, ताई."

मी वाचलं. "चार नंबर, मदतनीस."

"कोणाची?"

"चार नंबरच्या ऑपरेटरची."

"तो कोण?"

"तुमचे जावई," मी म्हणाले. ते सांगताना मला माझं अक्षर पहिल्यांदा घाणेरडं दिसलं.

मावशीनं शाईच्या डबीवरून हात उचलला. "नाही देत आंगठा. ज्याले मी शिकवलं त्याची मी मदतनीस? मले मान्य नाही." शेठजींनी आतूनच सांगितलं की अंगठा नाही तर उद्यापासून काम नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी आली, पण तिला रेच्याजवळ जाऊ दिलं नाही. ती दारातच उभी राहिली. त्याच सकाळी नवी वही तपासायला लेबर इन्स्पेक्टर आले. वही हातात घेऊन ते थेट चार नंबरपाशी गेले. मागे शेठजी, त्यांच्या मागे मी.

"ऑपरेटर कौन?" त्यांनी विचारलं. जावई पुढे झाला. साहेबांसमोर त्याचा हात गडबडला, मोठाच्या मोठा घास आत गेला आणि रेचा कण्हायला लागला. जावई नुसता बघत राहिला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "रेच्या, पट्टा पाड आधी! आता पातं ढिलं कर. आन घाबरू नको, साहेब काय खात नाही तुले."

जावयानं पट्टा पाडला तसं यंत्र थांबलं, मग त्यानं पातं ढिलं केलं, अडकलेली कपास काढली. रेचा पुन्हा नीट चालू लागला.

साहेब चक्रावले. "ये किससे बात कर रही हैं?"

मीच म्हणाले, "दामाद से, साहब. डाँट नहीं सकतीं, इसलिए मशीन को डाँटती हैं. इनको काम इन्होंने ही सिखाया है."

"तो ये मददगार किसने लिखा?"

"लिखवाया सेठजी ने. लिखा मैंने." माझा आवाज कापला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

सासूला मामी म्हणणारा जावई म्हणाला, "ऑपरेटर मामीच हाये साहेब. मी तं शिकू राहिलो."

मावशीनं पदर सारखा केला. "उगाच बोलू राहिले. तेबी चांगलं चालवतात. काम दोघांचं एकच हाये, तं दोघांले एकच लिहा."

साहेबांनी तसंच लिहायला लावलं, चार नंबरचंच नाही, सगळ्या रेच्यांचं. मी तिथेच फळीवर बसून पान खोडलं. इतकी खाडाखोड मी आयुष्यात केली नव्हती आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता.

संध्याकाळी मावशी अंगठा द्यायला आली. अंगठा पुसता पुसता तिनं माझ्या शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथला कारकून माझ्यानंतर वर्षानं लागला होता. फॉर्म कसे भरायचे ते त्याला मीच शिकवलं होतं.

"ताई, याच्यापेक्षा तुले कमी भेटते का जास्त?"

मला माहीत होतं. पगाराचा कागद दर महिन्याला मीच लिहीत होते. "कमी," मी म्हणाले.

"मंग?" एवढंच बोलून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन ओळींचा अर्ज लिहिला आणि शेठजींसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून विचारलं, "बेटी, हे तुला कोणी शिकवलं?"

मी खिडकीतून चार नंबरकडे बोट दाखवलं.